वाक्य संपेपर्यंत

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातं? ज्याला ती खोड मरायच्या आत घालवायची आहे, त्याने करायचं काय, हे कुणी सांगत नाही. कुजबुजेंना ते वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या एका पिवळ्या खोलीत सांगितलं गेलं. तेही तीनच वाक्यांत.

कुजबुजे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. नाटक कंपनीत ते प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, डोक्यावर मिणमिणता दिवा, आणि नट अडला की पुढचा शब्द त्याच्याकडे सोडायचा. तोही असा, की नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला पत्ता लागू नये. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. नाव कुणीतरी गमतीने ठेवलं आणि ते असं चिकटलं की खरं नाव आता फक्त लाइटबिलावर दिसायचं.

हे कसब रात्री चपलांसारखं नाट्यगृहाच्या दारात काढून ठेवता आलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण ते त्यांच्याबरोबर घरी यायचं. न्हावी म्हणाला, "जरा मान..." की हे, "खाली!" शेजारी म्हणाला, "तुमच्याकडे जरा..." की हे, "शिडी! घेऊन जा!" एकदा मावसभाऊ फोनवर म्हणाला, "अरे, आईला ना काल..." तर यांनी विचारलं, "कुठल्या दवाखान्यात?" आई ठणठणीत होती. तिला काल पणती झाली होती. दोन वर्षं तो मावसभाऊ धड बोलत नव्हता.

बायकोशी मात्र यावरून कधी वाजलं नाही, कारण ती त्यांच्याहून सवाई होती. बावीस वर्षं ती बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसली. प्रवाशाने गावाच्या नावातलं पहिलं अक्षर उच्चारलं की हिचं उत्तर तयार: "फलाट चार, पावणेदहा, पुढचे या." त्या घरात तीस वर्षांत कुणी कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. यांनी लग्नाचं विचारलं, तेसुद्धा "तुझी हरकत..." एवढंच. ती म्हणाली, "नाही, पण लवकर ठरवा." झालं लग्न.

आणि मग चार महिन्यांपूर्वी एका सकाळी ती खिडकीतच खुर्चीवरून कलंडली. मेंदूत गुठळी. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला, आणि शब्द हरवले. डोकं शाबूत, सगळं कळतं, सगळं आठवतं. पण ज्याला जे म्हणतात तो शब्द हवा तेव्हा सापडत नाही. फलाट चार, पावणेदहा म्हणणारी बाई "मला... ते..." म्हणून थांबायला लागली.

आणि कुजबुजे? एकतीस वर्षांचा अनुभव, समोर अडलेलं माणूस, तेही आपलंच. त्यांनी शब्द द्यायला सुरुवात केली.

इस्पितळातल्या त्या पिवळ्या खोलीत, लोकांना पुन्हा बोलतं करणाऱ्या एक बाई बसायच्या. तरुणच होत्या, पण चेहरा कडक. तिसऱ्या महिन्यात त्यांनी कुजबुजेंना एकट्यालाच आत बोलावलं. म्हणाल्या, "त्यांना शब्द सापडतात, फक्त वेळ लागतो. तुम्ही देत राहिलात तर त्या शोधायचं सोडतील. आणि शोधायचं सोडलं, की त्या बोलायचंच सोडतील."

"म्हणजे मी..." कुजबुजे म्हणाले आणि थांबले. कुणीतरी पुढचं उचलेल अशी सवय. बाई नुसत्या बघत बसल्या. पंखा फिरत होता. कुजबुजेंच्या मानेला खाज सुटली, पाय हलायला लागला. बाई हूं की चूं करेनात. शेवटी नाइलाजाने ते वाक्य त्यांना स्वतःलाच संपवावं लागलं. "म्हणजे मी तिला मुकी करतोय."

"गेल्या महिन्यात त्या इथे तासाभरात आपणहून चाळीस शब्द बोलल्या होत्या. या महिन्यात अकरा," बाई म्हणाल्या. "त्या अडल्या की मनात दहा मोजा. तेवढंच."

तेवढंच! बोलणं सोपं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आज... ते..." कुजबुजेंनी मोजायला घेतलं. एक. दोन. तीनला त्यांचे तळहात ओले झाले. चारला त्यांनी टेबलावरचा पेला उगाच सरळ केला. पाचला त्यांच्या तोंडून "पेपर?" गेलंच. ती थकून हसली आणि मान डोलावली. पेपर आणून दिला तर तिने तो तसाच मांडीवर ठेवला.

बाईंनी सांगितलं होतं, चूक झाली की कागदावर एक रेघ मारा. पहिल्या दिवशी रेघा झाल्या एक्केचाळीस. कुजबुजेंना स्वतःचंच खरं वाटेना. त्यांना वाटत होतं, होत असेल दिवसातून चार-पाचदा. दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस. लक्ष ठेवलं की सवय कमी होते म्हणतात. यांची लक्ष ठेवल्यावर चेकाळली. रागाने त्यांनी कागद चुरगळला, मग पुन्हा सरळ केला, आणि त्या रागाचीही एक रेघ मारून टाकली.

कंपनीत कपडेपट सांभाळणारी अक्का होती. कुजबुजेंपेक्षा दहा वर्षांनी मोठी, तोंडात कायम दोन-चार टाचण्या. तिने सगळं ऐकून घेतलं, डब्यातून कोटाचं एक मोठं काळं बटण काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं.

"हे घरी जिभेखाली ठेवायचं. माझं बघ, टाचण्या तोंडात असल्या की बोलताच येत नाही. म्हणून तर माझी अजून कुणाशी भांडणं नाहीत."

"अक्का, तुझी सगळ्यांशी भांडणं आहेत."

"ती टाचण्या काढल्यावर."

बटणाने थोडं काम केलं, खोटं कशाला बोला. बोलायला जायचं, दाताला बटण लागायचं, आठवण व्हायची. रेघा तिसावर आल्या, मग पंचविसावर. पण तगमग काही कमी होईना. उलट वाढली. तिच्या समोर बसायचं म्हणजे अंगावर मुंग्या. ते खुर्चीत वर-खाली होत, खिडकी उघडत, तीच बंद करत. शब्द त्यांना लख्ख दिसायचा, अगदी तिच्या ओठांसमोर टांगलेला, आणि तो द्यायचा नाही! याहून मोठी शिक्षा प्रॉम्प्टरला काय असणार? कधीकधी त्यांना तिचा चक्क राग यायचा, आणि आपल्याला आजारी बायकोचा राग येतो याची शरम वाटून ते आणखीच सैरभैर व्हायचे.

त्यातच तिच्या थोरल्या भावाचा फोन आला. "भाऊजी, स्पष्ट बोलतो. तुम्ही संध्याकाळी नाटकाला, ती घरी एकटी. दिवसेंदिवस बोलणं कमी होतंय तिचं. आमच्या छोटीशी मात्र फोनवर बोलते. येत्या रविवारी येतो आणि तिला घेऊन जातो. कायमची."

छोटी म्हणजे त्याची नात, वय वर्षं तीन. ते खरंच होतं. छोटीचा फोन आला की ही दहा-दहा मिनिटं बोलायची, अडत, थांबत. छोटी पलीकडे बिस्किट खात निवांत वाट बघायची. कुजबुजेंना त्या पोरीचा हेवा वाटायचा, आणि तीन वर्षांच्या पोरीचा हेवा करणाऱ्या म्हाताऱ्याला काय म्हणतात तो शब्दही त्यांना ठाऊक होता.

"तिला विचारायला हवं," कुजबुजे म्हणाले.

"विचारू की. पण तुम्ही तिच्या वतीने उत्तर देऊ नका म्हणजे झालं."

फोन ठेवल्यावर त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. ती गेली तर? सरळ प्रश्न होता. तिच्याशिवाय या घरात ते कुणाचं वाक्य तोडणार होते?

गुरुवारी बटण गिळलं.

त्याचं असं झालं, की ती टेबलाशी बसली होती. डावा हात कपाटाच्या दिशेने उचलून म्हणाली, "मला... ते..." हे नेहमीचं होतं. तीन महिने ती दिवसातून पाच-सहा वेळा तसा हात करून "मला ते" म्हणायची, आणि कपाटाच्या पलीकडे स्वयंपाकघर असल्यामुळे हे म्हणायचे, "चहा!" ती क्षणभर बघायची, मान डोलवायची, चहा प्यायची. आजही "चहा" ओठांवर आला, बटण मध्ये आलं, आणि दोन्ही एकदम मागे गेले. कुजबुजे खोकायला लागले. डोळे पांढरे झाले. ती ताडकन उठली, डाव्या हाताने त्यांच्या पाठीत दणादण गुद्दे घातले आणि ओरडली, "थुंका!"

न अडखळता. स्टँडवरच्या आवाजात.

बटण काही बाहेर आलं नाही, खालीच गेलं. लोक मूग गिळून गप्प बसतात, यांनी बटण गिळलं. पण घसा असा सोलवटला की आवाज म्हणून फुटेना. ते पाणी पीत, हात हलवून "ठीक आहे, ठीक आहे" करत बसले. आधी ती घाबरलेली होती, मग तिला हसू फुटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि हसता हसता पुन्हा कपाटाकडे हात केला.

"मला... ते..."

कुजबुजेंनी तोंड उघडलं. आवाजच नव्हता. तेव्हा पहिल्यांदाच त्या "ते"च्या पुढे काय होतं हे त्यांना बसून बघावं लागलं. तिने डोळे मिटले. उघडले. ओठ हलले, थांबले. किती वेळ गेला कोण जाणे, दहा तर केव्हाच होऊन गेले होते.

"चष्मा," ती म्हणाली.

कुजबुजे स्टुलावर चढले. कपाटावर इस्पितळातून आणलेली पिशवी होती, आल्या दिवशी यांनीच वर टाकलेली. तिच्यात टॉवेल, कंगवा, आणि तळाशी डबीत ठेवलेला तिचा वाचायचा चष्मा. तीन महिने ती चष्मा मागत होती आणि तीन महिने हे तिला चहा पाजत होते. शिवाय येईल त्याला सांगत होते, की तिचं वाचनावरून मन उडालंय, पेपर दिला तरी उघडत नाही हो. कुजबुजे स्टुलावरून उतरले, चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि पुसतच राहिले. आपल्याच कानशिलात मारून घ्यावी असं त्यांना वाटलं. तिने तो हातातून ओढून घेतला, नाकावर चढवला आणि पहिल्या पानापासून पेपर वाचायला लागली. यांच्याकडे तिने बघितलंही नाही.

शुक्रवारी तालमीत कुजबुजेंचं लक्ष नव्हतं. मुख्य नट, ज्याला सगळे पल्लेदार म्हणत, दुसऱ्या अंकातल्या मोठ्या भाषणात मध्येच थांबला. दिग्दर्शक नवा होता. तो विंगेकडे बघून खेकसला, "प्रॉम्प्टर! झोप लागली का?"

"ते अडलेले नाहीत," कुजबुजे घोगऱ्या आवाजात म्हणाले. "थांबलेत."

आणि खरंच, दोन श्वासांनी पल्लेदाराने वाक्य असं टाकलं की दिग्दर्शकाची वही खाली पडली. मध्यंतरात त्याने येऊन विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"पायावरून. विसरले की त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा वर उचलला जातो. आत्ता तो खाली होता. प्रत्येकाचं काही ना काही असतं. विंगेतून पायच दिसतात ना."

अक्का बाजूला बाही शिवत होती. तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या. टाचण्या काढल्या म्हणजे भांडण, हे कुजबुजेंना ठाऊक होतं.

"एकतीस वर्षं या टोणग्यांचे पाय बघतोस," ती म्हणाली, "बायकोचं काय बघितलंस रे कधी?"

कुजबुजेंनी मांडीवरची संहिता मिटली.

शनिवारी दिवसभर त्यांनी दहा मोजले नाहीत. रेघा मारल्या नाहीत. नुसतं बघितलं. दुपारपर्यंत सापडलं. ती शब्द शोधत असली की तिच्या डाव्या हाताचा अंगठा टेबलक्लॉथच्या कडेवरून फिरायचा, पुढे-मागे, पुढे-मागे, कापडाचा पोत बघितल्यासारखा. अंगठा फिरतोय तोवर ती वाटेवर आहे. मग कितीही वेळ लागो. आणि खरंच काही सापडत नसलं की अंगठा थांबायचा आणि ती मान वर करून बघायची. दिवसभरात अंगठा फक्त दोनदा थांबला. दोनदा! आणि हे चव्वेचाळीस वेळा धावत होते. तगमग होतीच, पाय हलतच होता, पण आता डोळ्यांना काहीतरी काम होतं. संध्याकाळी तिने आपणहून चार शब्द जोडून एक तक्रार केली. तक्रार कुजबुजेंच्या पाय हलवण्याबद्दल होती.

रविवारी सकाळी भाऊ आला. आला तोच घाईत. टॅक्सी खालीच थांबवलेली. बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला, समोर बसला, म्हणाला, "बोल. येतेस ना माझ्याकडे?"

कुजबुजे दाराजवळ उभे राहिले. हात खिशात, खिशात अक्काने दिलेलं दुसरं बटण.

"मला..." ती म्हणाली. "दादा... तुझ्याकडे..."

"यायचंय! मी म्हटलं नव्हतं?"

"दादा, थांबा जरा," कुजबुजे म्हणाले. अंगठा फिरत होता.

"...महिनाभर..."

अंगठा थांबला. तिने मान वर केली आणि थेट कुजबुजेंकडे बघितलं. ही नजर ते ओळखत होते. रंगमंचावरून विंगेकडे येते ती हीच. शब्द गेला, द्या.

आणि शब्द त्यांच्याजवळ होता. दोन होते, खरं तर. एक तिचा, एक त्यांचा. "नको" म्हटलं असतं तर? तिने मान डोलावली असती. तीन महिने चहाला डोलावली तशी. भाऊ टॅक्सीने परत गेला असता आणि संध्याकाळी घर जसंच्या तसं राहिलं असतं. एका शब्दाचं काम होतं, आणि तो तर त्यांचा धंदाच. पण संहितेत नसलेला शब्द त्यांनी एकतीस वर्षांत कुणाला दिला नव्हता.

"रा..." ते म्हणाले. एवढंच. पुढचं नटाचं असतं.

"राहायचंय," ती म्हणाली.

भावाने गुडघ्यावर थाप मारली. "झालं तर मग! भाऊजी, बॅग कुठाय तिची?" तो उठलासुद्धा. कुजबुजेंचे डोळे टेबलावरच होते. अंगठा पुन्हा फिरायला लागला होता.

"दादा, बसा. वाक्य संपलेलं नाही."

"अहो, संपलं की! राहायचंय म्हणाली ना?"

"बसा म्हणतो ना!" एवढ्या मोठ्याने ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. भाऊ बसला. खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. कुणी उठलं नाही.

"मग..." ती म्हणाली. "परत... इथे." भावाकडे बघून म्हणाली. मग कुजबुजेंकडे वळली. अंगठा चालूच होता. "फोन... करा. रोज." आणि बऱ्याच वेळाने, एकेक शब्द मोजून टाकत, "आणि... गप्प... बसा."

भाऊ खो खो हसला. कुजबुजेही हसले आणि बॅग भरायला आतल्या खोलीत गेले. चष्मा त्यांनी बॅगेत सगळ्यात वर ठेवला.

सोमवारी पाच वाजता त्यांनी फोन लावला. छोटीने उचलला, "आजी, तुझा!" म्हणून टाकला, आणि मग पलीकडे ती आली. श्वास ऐकू आला.

"हं... अहो..."

आणि शांतता. आता इथून अंगठा कसा दिसणार? कुजबुजेंनी खुर्ची बदलली. वायर बोटाला गुंडाळली. ती काय म्हणत असेल? करमत नाही? न्यायला या? दादा ओरडला? औषध राहिलं? चार वाक्यं जिभेवर रांगेत उभी, चारही तयार. त्यांनी तोंडातलं बटण दातांत धरलं आणि कान फोनला दाबला. घड्याळाचा सेकंदकाटा एक पूर्ण फेरी फिरला. छोटी लांब कुठेतरी गाणं म्हणत होती.

"चहा..." ती म्हणाली. "घेतलात?"

चारांतलं एकही नव्हतं. कुजबुजेंनी बटण काढून हातात घेतलं. "हो" एवढंच म्हणायचं होतं, पण तो शब्द काही केल्या बाहेर येईना. घेतला नव्हता, हेही खरंच. ते नुसते फोन धरून बसले.

पलीकडे चौकशीच्या खिडकीतली ती बाई होती, जिने बावीस वर्षांत कुणाला प्रश्नसुद्धा पुरा करू दिला नव्हता. ती काही बोलली नाही. थांबली.